सातवा रकाना

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण संस्थेचे सरचिटणीस आदरणीय चिमाजीअण्णा गायधनी. व्यासपीठावरील प्राचार्य महोदय. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आजच्या सत्कारमूर्ती, प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. बिलकिस मणियार, त्यांचे यजमान रियाजभाई आणि कन्या शाझिया, माझे सहकारी प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ऐन छाटणीचा दिवस बुडवून, निफाडकडून टेम्पो करून आलेल्या माझ्या गावच्या भगिनींनो. आणि हो, तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसलेल्या माझ्या सौभाग्यवती शुभांगी. व्यासपीठावरून घरच्या माणसाचं नाव घेऊ नये असा संकेत आहे. आज तो मोडतोय, त्याबद्दल अण्णांनी सांभाळून घ्यावं.

मी जयराम बोरस्ते, रसायनशास्त्र. मणियारबाई आणि मी एकाच जूनमध्ये इथं रुजू झालो. वयानं त्या दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून आधी निवृत्त होतायत. एकतीस वर्षं आमच्या केबिन शेजारी शेजारी, मध्ये प्लायवूडची एक भिंत. या एकतीस वर्षांतली निदान एकोणीस वर्षं मी बाईंवर जळतोय. हसू नका. निरोपाच्या भाषणात माणसं 'आमचे ऋणानुबंध' वगैरे म्हणतात, मीही तसं लिहून आणलं होतं. पण ते वाचायला गेलो तर माझाच आवाज मला खोटा वाटेल.

आपल्या सगळ्यांच्या हातात गौरवांक आहे. त्याचं चौदावं पान उघडा. आत्ता नाही, मी सांगेन तेव्हा. त्या पानावर, ज्या पाहणीमुळे बाईंचं आणि कॉलेजचं नाव झालं, त्या द्राक्षबागेतल्या बायकांच्या पाहणीवर एक लेख आहे. त्यात लिहिलंय की पाहणीची मूळ दृष्टी आणि प्रश्नावली प्रा. बोरस्ते यांची. लेख कुणाचा? प्रा. बोरस्ते यांचाच. आणि माझ्या या वरच्या खिशात एकोणीस वर्षांपूर्वीचा एक कागद आहे. तो मी इथं वाचला तर चौदावं पान खोटं ठरतं. शिवाय बाईंच्या मागे पाहणीचं काम माझ्याकडे सोपवल्याची घोषणा अण्णा थोड्या वेळानं करणार आहेत, तीही अडचणीत येते. कागद वाचावा की नाही, हे घरून निघताना ठरलं नव्हतं. गंगापूर रोडच्या सिग्नलवरही ठरलं नव्हतं.

तेव्हा आधी जळण्याविषयी बोलू. ते मला चांगलं येतं.

तुम्ही आत्ता बाहेर चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायलात ना? तो बाईंचा हट्ट. गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीत आणि कपात ओतू नका, प्लास्टिक मऊ करायला वापरलेली रसायनं चहात उतरतात, असं त्यांनी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं आणि आठ दिवसांत दोनशे पेले आले. माझ्या प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा दोन वर्षं बंद होता, त्याचे अर्ज कुठे गेले ते अण्णांनाच ठाऊक. बाईंच्या दारात मुलांची रांग. माझ्या दारात मुलं यायची ती 'सर, मॅडम कुठे गेल्यात?' हे विचारायला. एकदा वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, निफाडच्या बागेत, बायकांच्या घोळक्यात. मीही त्या फोटोत होतो, पण छापताना कापलं, माझं फक्त कोपर आलं. ते कात्रण मी अजून जपून ठेवलंय. शुभांगी म्हणाली, "अहो, कोपर छान आलंय." त्या दिवशी मी रात्री जेवलो नाही.

दर ईदला बाईंच्या घरून शीरखुर्मा यायचा. दोन वाट्या संपवून मी म्हणायचो, साखर जरा जास्तच झाली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात; आमच्या निफाडच्या कोल्ह्यानं द्राक्षं खाल्ली आणि मग आंबट म्हटली.

आता या जळफळाटाचं मूळ सांगतो. दोन हजार सहा साली विद्यापीठानं आम्हाला एक लहानसं काम दिलं: द्राक्षबागांत राबणाऱ्या बायकांच्या तब्येतीची पाहणी. प्रश्नावली मी केली. माझी मराठी शुद्ध, त्याचा मला अभिमान. बारा रकाने. सातवा रकाना असा: 'औषध : नाव व किती दिवसांनी घेता'. माझ्याच गावातल्या बचत गटाच्या बैठकीत अर्ज वाटले. त्यावर नाव नाही, नुसता क्रमांक, म्हणजे बायका मोकळेपणानं लिहितील. अर्ज भरून आले. मी वाचायला बसलो आणि सातव्या रकान्याशी माझं डोकं फिरलं. 'पिवळी पावडर, दर चार दिवसांनी.' 'निळं औषध, पाऊस झाला की.' 'पावडर आणि बाटलीतलं, दोन्ही.' अहो, मी विचारलं होतं बायकांच्या औषधगोळ्यांविषयी, आणि या बागेवरच्या फवारणीची नावं लिहून मोकळ्या! आपल्याकडे फवाऱ्याला कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात, हे बागाईतदाराच्या पोटी जन्मलेल्या मला कळायला नको होतं का? पण मी तेव्हा प्राध्यापक होतो. एकसष्ट अर्जांवर मी तांबड्या शाईनं शिक्का मारला: 'बाद'. सातवा रकाना चुकला की पुढचं वाचायचंसुद्धा नाही, असा माझा नियम.

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, हे बाद झालेले मी नेऊ का? पाठकोरे आहेत, टिपणं काढायला होतील."

मी म्हटलं, न्या ना. दानशूरपणानं गठ्ठा दिला. मनात म्हटलं, एवढीच काय ती यांची झेप.

बाईंनी पाठीमागे काही लिहिलं नाही. त्यांनी पुढची बाजू वाचली. चार दिवसांनी मला म्हणाल्या, "सर, गावात जाऊ या. मला वाटतं त्यांनी बरोबर लिहिलंय." मी गेलो, त्यांची फजिती बघायला. रंगूबाई, जरा उठून उभ्या राहा. या रंगूबाई, त्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो. बाईंनी विचारलं, "मावशी, इथं औषध म्हणून तुम्ही बायकांनी पिवळी पावडर लिहिलीय."

"लिवली की. तुमीच इचारलं ना कोंचं औषध?"

"तुम्ही घेता ते विचारलं होतं, मावशी."

"मंग आमीच घेतो ना," रंगूबाई म्हणाल्या. "हातानं ड्रममधी कालवतो, नाकातोंडात जातं, त्याच लुगड्यानं घरी येऊन भाकरी थापतो. मारत्यात बागेला, पन घेतो आमीच."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. मी घड्याळ बघत होतो. बसा, रंगूबाई.

त्या एका वाक्यावर बाईंनी पुढची एकोणीस वर्षं काढली. मी रसायनशास्त्राचा माणूस, पावडरीत काय असतं ते मला पाठ होतं. ती अंगात जाऊन काय करते हे मला बाईंनी शिकवलं, आणि तेही प्लायवूडच्या भिंतीपलीकडून, कारण त्या पोरांना शिकवायच्या आणि मी कान देऊन ऐकायचो. या सभागृहात पहिल्या रांगेत चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्या आहेत ना, राखीव? आपल्या पेशींवरही हार्मोनसाठी अशा राखीव खुर्च्या असतात, असं बाई सांगायच्या. हार्मोन आलं, खुर्चीवर बसलं, की पेशी उठून कामाला लागते. पण काही फवाऱ्यांतली, काही प्लास्टिकमधली रसायनं दिसायला हार्मोनसारखी. ती येऊन खुर्चीत बसतात. मग एक तर पेशी भलतंच काम करते, नाहीतर खरा पाहुणा दारात ताटकळतो. तोतया खुर्चीत आणि मानकरी उभा. हे ऐकताना मला कुणाची आठवण व्हायला हवी होती, ते आज कळतं.

पिवळ्या पावडरीची गोष्ट थोडी वेगळी. ती जुनी झाली, तापली, अंगात गेली, की तिच्यातून एक पदार्थ सुटतो. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी ज्या कामगाराच्या हातून आपलं हार्मोन घडवते, त्याचेच हात हा पदार्थ धरून ठेवतो. हार्मोन कमी पडलं की शरीराची चूल मंदावते. प्रत्येक पेशीत अन्न जाळून शक्ती काढणाऱ्या तंतुकणिका असतात, त्यांना हुकूमच पोचत नाही. शिसं आणि धुरातले कण तर थेट त्या तंतुकणिकांनाच इजा करतात, मग त्यांच्यातून ठिणग्या उडून पेशीचीच भिंत करपते. अशा बाईला थंडी वाजते, केस जातात, अंग सुजतं, वजन वाढतं, पाळीचं गणित चुकतं, बसल्या जागी डोळा लागतो. मी एकदा भिंतीवरून ओरडून विचारलं होतं, "अहो बाई, एवढ्याशानं काय होतंय?" त्या म्हणाल्या, "सर, हार्मोनचा सगळा कारभारच एवढ्याशावर चालतो." मुलं हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पण या बायकांपर्यंत बाई पोचल्या त्या शास्त्रानं नाही, बांगड्यांनी पोचल्या. नावातच मणियार. त्यांच्या अम्मी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन पंचक्रोशीतल्या गावांत हिंडायच्या, माझ्या आईनंसुद्धा त्यांच्याकडून बांगड्या भरल्यात. बाईंनी ती टोपली माळ्यावरून काढली आणि दर दुसऱ्या शनिवारी गावात जाऊ लागल्या. त्यांच्या अम्मी म्हणायच्या, बांगडी भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो, तेव्हा ती खोटं बोलत नाही. त्या टोपलीनं बाईंना आणखी एक सांगितलं. ज्यांना लग्नात दोन-चारच्या मापाची बांगडी सहज जायची, त्यातल्या कित्येकींना आता दोन-सहाची तेल लावूनही जाईना. हात सुजला म्हणजे थायरॉइडच असं नाही, हे बाई शंभरदा बजावत. पण विचारायला निमित्त मिळालं. रक्त तपासलं. एकसष्टपैकी चौदा जणींची ग्रंथी मंद निघाली. मी म्हटलं, आता धडाक्यात छापू, पावडरीनं गाव आजारी! बाईंनी काय लिहिलं? 'संबंध दिसतो. कारण सिद्ध झालेलं नाही. आणखी पाहावं लागेल.' मला वाटलं, भित्री आहे. त्या तीन वाक्यांमुळे लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, हे मी मान्य करायला फार वेळ घेतला.

आज माझ्या गावात हातानं औषध कालवत नाहीत. काठी आहे, हातमोजे आहेत, फवाऱ्याची कापडं वेगळ्या बादलीत धुतात, रिकाम्या डब्यात कुणी पाणी भरत नाही. हे बाईंनी केलं. आणि मी? जिथं बोलावलं तिथं सांगत राहिलो, प्रश्नावली माझी होती हं. खोटं नव्हतं ते. प्रश्नावली माझीच होती.

आता खिशाकडे येतो.

त्या दुसऱ्या शनिवारी बाई माझ्या मळ्यावरही जायच्या. मी नाशकात खोली घेऊन राहायचो, शुभांगी गावी, माझ्या आईपाशी, बागेत. शनिवारी दुपारी मी घरी पोचावं तर ओट्यावर या दोघी, मध्ये बांगड्यांची टोपली, आणि मी दिसलो की दोघी गप्प. खरं सांगतो, फोटो, पेले, रांग, या सगळ्यांपेक्षा मी या गप्प होण्यावर जास्त जळलो. माझी बायको माझ्याशी चार वाक्यांपलीकडे बोलायची नाही. मी आल्यावर भाजी काय करू, एवढंच. आणि ती नेहमी दमलेली. संध्याकाळी सहाला डोळे मिटायची. मी तिला आळशी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो, पाहुण्यांसमोर म्हणायचो, हसून म्हणायचो. एक दिवस ती म्हणाली, बिलकिसताई म्हणतात रक्त तपासून घे. मी भडकलो. दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्याची यांना काय पंचाईत? रिपोर्ट आला. त्या चौदांतली एक माझ्या घरात होती. गोळी सुरू झाली, चार महिन्यांत शुभांगी माणसात आली. मी बाईंना साधं 'बरं झालं' म्हटलं नाही. उलट मनात धरून बसलो, की माझ्या घरातली गोष्ट यांना माझ्याआधी कशी कळली? बायकांच्या चहाड्या, असं मी ठरवून टाकलं.

मागच्या मंगळवारी बाईंचं कपाट रिकामं करायचं होतं. पुढे काम माझ्याकडे येणार म्हणून मी तो जुना गठ्ठा ताब्यात घेतला. एकसष्ट बाद अर्ज, एकही पाठकोरा वापरलेला नाही. मी पहिल्यांदाच सातव्या रकान्याच्या खाली वाचू लागलो. सदतिसाव्या क्रमांकाशी थांबलो. अक्षर ओळखीचं वाटलं. नाव नाही, पण 'ळ' होता. आमच्या घरी किराण्याच्या यादीत डाळ, गूळ, तांदूळ लिहिलेलं असतं, त्यातल्या प्रत्येक 'ळ'ला एक लांब शेपूट असतं. तीस वर्षं मी ते शेपूट बघतोय आणि त्यावरून यादी करणाऱ्याला हसतोय. अर्जावर तोच 'ळ' होता. फक्त शब्द डाळ नव्हता, गूळ नव्हता.

तो अर्ज मी घरी नेला. शुभांगीपुढे ठेवला. ती भाजी निवडत होती. उरलेली जुडी तिनं निवडून संपवली. मग म्हणाली, "सापडला होय?"

मी म्हटलं, "बाईंना माहीत होतं हा तुझा आहे म्हणून?"

"दुसऱ्याच शनिवारी ओळखलं त्यांनी. बांगडी भरताना, हात हातात घेऊन."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्यात लिहिलंय ना, सांगू नये म्हणून. त्यांनी वाचलं होतं."

मी विचारलं, समारंभात वाचू का? ती म्हणाली, "वाचायचा तर शिक्क्यासकट वाचा."

अण्णा, दोन मिनिटं जास्त घेतोय.

हा तो कागद. क्रमांक सदतीस. वर तांबड्या शाईत 'बाद', सही माझी. रकाना सात, औषध : 'पिवळी पावडर, दर चार दिवसांनी, मी कालवते.' रकाना अकरा, इतर तक्रार. पहिल्या दोन ओळी मी वाचणार नाही. त्या आमच्या दोघांच्या दुःखाच्या आहेत, आणि त्यातलं तिच्या वाटणीचं दुःख मी तेव्हा विचारलंही नव्हतं. पुढचं वाचतो. 'फार थकवा येतो. झोप पुरत नाही. घरचे म्हणतात आळशी. मलाही आता तसंच वाटतं. घरच्यांना सांगू नये.'

इथं बसलेल्या मुलींना शहरात राहून कदाचित माहीत नसेल, आमच्याकडे बायको 'घरचे' म्हणते तेव्हा ती नवऱ्याविषयी बोलत असते. घरचे म्हणजे मी.

हा कागद माझ्या हातात होता. माझ्या बायकोनं मला, फक्त क्रमांक घालून, सगळं लिहून दिलं होतं. आणि मी सातव्या रकान्यावर थांबून तिला बाद केलं. पलीकडच्या केबिनमधल्या एका बाईनं तो बाद गठ्ठ्यातून उचलला, वाचला, आणि एकोणीस वर्षं माझ्याकडून टोमणे ऐकूनही ती एकदाही म्हणाली नाही, की सर, आधी घरचा अर्ज वाचा. बाई, तुम्ही एकदा जरी ते बोलला असता ना, तर माझी लाज गेली असती आणि माझं जळणंही. तुम्ही बोलला नाहीत. याबद्दलही मला तुमचा हेवाच वाटतो.

आता गौरवांक उघडा. पान चौदा, तिसरी ओळ. ज्यांच्याकडे पेन असेल त्यांनी काढावं, नसेल त्यांनी शेजाऱ्याकडून घ्यावं. 'प्रा. बोरस्ते' या दोन शब्दांवर रेघ मारा. तिथं लिहा, 'बागेतल्या एकसष्ट बायका आणि डॉ. मणियार'. जागा कमी पडेल, बारीक लिहा. अण्णा, तुम्हीसुद्धा. आणि ती घोषणा माझ्या नावानं करू नका. बाईंच्या विभागात नव्यानं आलेली प्रा. वेदिका गेले दोन हंगाम बाईंबरोबर गावात जातेय. तिला द्या. ती आधी विचारते आणि मग लिहिते. मला त्या खुर्चीचा मोह आहे, म्हणूनच ती मला नको.

मत्सर गेला का? नाही हो. आत्ता बाईंना जी शाल मिळणार आहे ती मी मघाशी मागे बघून आलो, पैठणी काठाची आहे. दोन वर्षांनी मला कसली मिळेल, याचा विचार मनात येऊन गेला. जुनी सवय आहे, एका भाषणानं सुटणार नाही.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, आयोजकांनी बोलावलं, आणि तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बिलकिसबाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि शनिवार चुकवू नका, गाव वाट बघतं. बोलण्याच्या ओघात कुणाला अधिकउणा शब्द गेला असेल तर सभेनं उदार मनानं पदरात घ्यावा, अशी विनंती करायची पद्धत आहे, ती मी करतो. पण माझी खरी चूक या सभेत झालेली नाही, तेव्हा तिची माफीही सभेकडे मागून चालणार नाही.

शुभांगी, तुझा सातवा रकाना बरोबर होता.

धन्यवाद.